पोटाचा फोटो कोणाच्या फायद्याचा?

वैराग हे बार्शी तालुक्यातले मोठे बाजाराचे गाव. बार्शी-सोलापूर रस्त्यावरच्या या गावात आसपासच्या वाड्यावस्त्यांची माणसे बाजाराला येतात तशी दवाखान्यालाही येतात. एस.टी.च्या थांब्यावर घटकाभर उभे राहिले, तर दर चार-पाच माणसांमागे एकाच्या हातात प्लॅस्टिकची लांबट पिशवी दिसते. आत काळ्या फिल्म, रिपोर्टाचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या. पिशवी नीट घडी करून, पदराआड धरून आणलेली असते. कारण तिच्यात महिन्या-दोन महिन्यांची मजुरी असते.

अशीच एक पिशवी घेऊन आमच्या ओळखीची एक भगिनी आमच्याकडे आली होती. वय पस्तिशीच्या आत. नवऱ्याबरोबर सात-आठ हंगाम ऊसतोडीला गेलेली. सहा वर्षांपूर्वी ओटीपोटात दुखते आणि अंगावरून पांढरे जाते म्हणून ती एका खासगी दवाखान्यात गेली. तिथे सोनोग्राफी झाली. "पिशवीला सूज आहे, गाठ आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल," असे सांगण्यात आले. मुकादमाकडून वाढीव उचल घेऊन चार दिवसांत ऑपरेशन झाले. गर्भाशय गेले, दोन्ही अंडाशये गेली. आज तिची कंबर धरते, हाडे दुखतात, अंगातून वाफा निघतात, आणि ज्या कामासाठी हे सगळे केले ते उसाच्या फडातले काम तिला होत नाही. तिच्या पिशवीतला तो जुना रिपोर्ट आम्ही एका जाणकार डॉक्टरांना दाखवला. त्यात लिहिले होते ते एवढेच : गर्भाशयाचा आकार नेहमीसारखा, डाव्या अंडाशयात पाण्याची साधी गाठ, तीन सेंटिमीटर. डॉक्टर म्हणाले, "या वयात अशा गाठी होतात आणि बहुतेक आपोआप विरतात. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एकदा बघायचे असते, बस."

म्हणजे यंत्र खोटे बोलले नव्हते. यंत्राने खरे तेच सांगितले होते. खोटे बोलला तो माणूस. आणि रिपोर्ट इंग्रजीत असल्यामुळे तो खोटे बोलतो आहे हे तिला कळण्याचा मार्गच नव्हता. आज पोटाच्या तपासणीची यंत्रे कुठल्या कुठे गेली आहेत. त्या प्रगतीचे गोडवे गाणारे लेख इतर वृत्तपत्रांत रोज येतात. म्हणूनच ही प्रगती वैरागच्या थांब्यावर पोचता पोचता कशी होते, हा प्रश्न आम्हाला विचारावासा वाटतो.

या यंत्राचा जन्म कसा झाला ते आधी पाहू. पोटाची सोनोग्राफी रुग्णसेवेत आणली ती स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातल्या इयान डोनाल्ड या डॉक्टरने. कारखान्यात लोखंडाच्या पत्र्यातला, जोडातला आतला तडा शोधायला ध्वनिलहरींचे यंत्र वापरत. १९५५ साली डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात गेला आणि त्या यंत्राखाली धरून पाहिल्या. पाण्याची गाठ वेगळी दिसते आणि मांसाची गाठ वेगळी दिसते, हे त्याच्या लक्षात आले. पुढे टॉम ब्राऊन या अभियंत्याबरोबर त्याने रुग्णांसाठी यंत्र तयार केले आणि १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या कामातली एक हकीकत प्रसिद्ध आहे. एका बाईचे पोट फुगले होते. तिला जठराचा कर्करोग आहे, आता काही करता येणार नाही, असे ठरवून डॉक्टर मोकळे झाले होते. डोनाल्डने तिच्या पोटावर यंत्र फिरवले आणि दिसले की ही अंडाशयातली पाण्याची प्रचंड गाठ आहे. गाठ काढली, बाई वाचली.

वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. या यंत्राची कीर्ती सुरू झाली ती एका बाईला "तुला कॅन्सर नाही, साधी गाठ आहे" हे सांगण्यापासून. आणि आमच्या भागात तेच यंत्र साधी गाठ असलेल्या बाईला "तुला कॅन्सर होईल" असे भिववण्यासाठी वापरले गेले! विज्ञान तेच, लहरी त्याच, पडदाही तसाच. पडद्यासमोर बसलेल्या माणसाचा हिशोब मात्र वेगळा.

पुढची प्रगतीही थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण विज्ञानाकडे पाठ फिरवणे ही आमची परंपरा नव्हे. सीटी स्कॅन शोधला तो गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या इंग्रज अभियंत्याने. हा शेतकऱ्याचा मुलगा, विद्यापीठाची पदवी नसलेला. १९७१ साली पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला, चार-पाच वर्षांत साऱ्या शरीराचा स्कॅन घेणारी यंत्रे आली आणि १९७९ साली ॲलन कॉरमॅक यांच्याबरोबर त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. एमआरआयच्या कामासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना ते २००३ साली मिळाले. पूर्वी यकृत किती कडक झाले आहे हे पाहायला बरगड्यांतून सुई घालून तुकडा काढावा लागे. आता लहरींच्या साहाय्याने यकृताचा कडकपणा बाहेरूनच मोजता येतो आणि पुष्कळ रुग्णांची सुई टळते. पित्तनळीतला खडा एमआरआयवर नळी न घालता दिसतो. २०२१ साली क्ष-किरणांचा एकेक कण मोजणाऱ्या नव्या सीटी यंत्राला अमेरिकेत परवानगी मिळाली. त्यात चित्र अधिक बारीक दिसते आणि किरणही कमी लागू शकतात. हे महत्त्वाचे आहे, कारण नेहमीच्या एका पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये निसर्गातून सुमारे अडीच-तीन वर्षांत मिळावा इतका किरणोत्सार अंगावर घ्यावा लागतो. सोनोग्राफीत तो मुळीच नसतो. आमच्या माणसांना हा साधा फरकही कोणी सांगत नाही.

आता संगणकच चित्र वाचू लागला आहे. २०२३ साली चिनी संशोधकांनी 'नेचर मेडिसिन'मध्ये दाखवून दिले की, औषध न टोचता काढलेल्या साध्या सीटीतूनही स्वादुपिंडाचा कर्करोग संगणक ओळखू शकतो. वीस हजारांहून अधिक रुग्णांवर त्याची पडताळणी झाली. हा कर्करोग उशिरा कळतो म्हणूनच मारतो. तेव्हा ही गोष्ट खरोखरच मोठी आहे.

पण आता बीडकडे वळू. वैरागपासून बीड जिल्हा काही परदेश नाही. उसाच्या हंगामात बीडच्या टोळ्या सोलापूर जिल्ह्यातल्या कारखान्यांवर येतात. जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितले की, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेली. नंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक! देशाच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. हा फरक कोठून आला? ऊस तोडणाऱ्या बाईचे शरीर काही निसर्गाने वेगळे घडवलेले नाही.

हा फरक 'कोयत्या'तून आला. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच खाल्लेली. एक दिवस काम चुकले की खाडा, आणि खाड्याचा दंड. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत कापड बदलायला आडोसा नाही. त्यातून जंतुसंसर्ग होतो, अंगावरून जाते, ओटीपोट दुखते. या दुखण्यावरचा इलाज म्हणजे स्वच्छ पाणी, विश्रांती आणि गोळ्यांचा एक कोर्स. पण गोळ्यांच्या कोर्सात दवाखान्याला काय मिळणार? आणि विश्रांतीत मुकादमाला काय मिळणार? पिशवी काढली की पाळी नाही, पाळी नाही की खाडा नाही. दवाखान्याचे बिल झाले, मुकादमाचा हंगाम झाला, कारखान्याचे गाळप झाले. सगळ्यांचे भागले, फक्त बाईचे शरीर गेले. आणि या सगळ्या व्यवहारावर विज्ञानाचा शिक्का म्हणून काय होते? सोनोग्राफीचा एक काळा कागद! पूर्वी पोथीतले संस्कृत दाखवून बहुजनांना गप्प करत. आता रिपोर्टातले इंग्रजी दाखवून करतात. न कळणाऱ्या अक्षराचा धाक तोच आहे.

कोणी म्हणेल, डॉक्टरांना खरोखरच कर्करोगाची शंका आली असेल. तर त्याचे उत्तर द्यायला लंडन-अमेरिकेला जावे लागत नाही. ते उत्तर आमच्या बार्शीत आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. भारतातली ग्रामीण भागातली ही पहिली नोंदणी. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांतला कर्करोगाचा रुग्ण शोधायचा आणि लिहून ठेवायचा, हे काम तिथल्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून केले. याच रुग्णालयाने टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्याबरोबर उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. त्याचा निष्कर्ष २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भाशयाच्या तोंडातून घेतलेल्या स्रावाची एचपीव्ही विषाणूसाठी एकदा तपासणी केली, आणि ज्यांच्यात दोष आढळला त्यांच्यावर लगेच उपचार केले, तर या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे तिथे सिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून याच तपासणीची प्राधान्याने शिफारस करते.

यात मुद्दा काय ते पाहा. ग्रामीण बाईला ज्या कर्करोगाची भीती घातली जाते, तो गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग सुरुवातीच्या अवस्थेत सोनोग्राफीत दिसतच नाही! त्याला लागते ती स्रावाची तपासणी किंवा व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून केलेली पाहणी. म्हणजे ज्या भागात जगाला मार्ग दाखवणारे संशोधन झाले, त्याच भागाच्या शेजारी, ते छापून आल्यानंतरही, चुकीच्या यंत्राची चिठ्ठी दाखवून हजारो गर्भाशये काढली गेली. ज्ञान नव्हते म्हणून असे झाले नाही. ज्ञान होते. ते गरीब बाईपर्यंत पोचवण्यात कोणाचा फायदा नव्हता.

आणि त्या संशोधनातली दुसरी बाजूही आम्ही लपवणार नाही. तुलनेसाठी ३१,४८८ स्त्रियांचा एक गट तपासणीविना ठेवण्यात आला होता. त्या गटात या कर्करोगाने ६४ स्त्रिया मेल्या. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४. उपयोगी ठरू शकणारी तपासणी माहीत असताना एका गटाला ती न देणे योग्य होते काय, असा आक्षेप नंतर घेतला गेला आणि त्यावर मोठा वाद झाला. अभ्यास करणाऱ्यांचे म्हणणे असे की, त्या वेळी इथे कुठलीच तपासणी नियमित होत नव्हती. म्हणजे गरिबाला काहीच मिळत नाही, हीच त्याला काही न देण्याची सबब ठरली! आम्ही संशोधनाच्या विरोधात नाही. त्या चौसष्ट बायांचे जगाने देणे लागते, आणि ते फेडायचे तर त्यांच्या लेकीसुनांना ही तपासणी गावात मोफत मिळाली पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता पैशाचा प्रश्न. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होता. २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. योजना चांगली आहे, तिने जीव वाचवले आहेत. पण तिची घडण अशी की, पैसा प्रामुख्याने दाखल होणाऱ्या आणि शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णामागे जातो. नुसते "तपासले, काही नाही, घरी जा" याला मोल नाही. खरे तर चांगल्या तपासणीचे अर्धे यश याच वाक्यात असते! ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकारने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार आणि तपासण्या मोफत केल्या. निर्णय स्वागतार्ह. पण वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये त्या निर्णयात आली नाहीत. सोलापूरचे सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, हे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. वैरागचा माणूस अडला की जातो कुठे? सिव्हिललाच! शिवाय मोफत म्हटले तरी यंत्र चालू हवे, चित्र वाचणारा रेडिओलॉजिस्ट हवा आणि तारीख त्या आठवड्यातली हवी. तारीख महिन्यानंतरची मिळाली की माणूस रस्ता ओलांडून खासगी सेंटरला जातो.

सोनोग्राफीचा दुसरा गुन्हा महाराष्ट्राने फार पूर्वी ओळखला. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा या राज्याने १९८८ सालीच केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही सहा वर्षांखालील मुलींचे दर हजार मुलांमागे प्रमाण राज्यात २००१ साली ९१३ होते, ते २०११ साली ८९४ वर आले. बीडमध्ये तर ते ८०७ होते! एकाच जिल्ह्यात मुलगी जन्मू नये म्हणूनही तेच यंत्र, आणि जन्मलेल्या बाईचे गर्भाशय काढावे म्हणूनही तेच यंत्र. आता खिशात मावेल अशी सोनोग्राफी आली आहे. फोनला जोडली की झाले. आफ्रिकेतल्या खेड्यांत तिने मदत होते. आपल्याकडे फिरत्या यंत्रांवर कडक निर्बंध आहेत आणि डॉक्टर मंडळी त्यावर कुरकुर करतात. त्यांना आमचे सांगणे असे की, हा निर्बंध तुमच्याच काही भाईबंदांच्या कर्तृत्वाचे फळ आहे.

संगणकाच्या बाबतीतही हेच. संगणक स्वतः काही जाणत नाही, जुन्या फाइली पाहून शिकतो. २०२१ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या छातीच्या एक्स-रेंचा एक अभ्यास आला. त्यात दिसले की, काळ्या आणि गरीब रुग्णांचा आजार असूनही संगणक "काही नाही" असे अधिक वेळा सांगतो. २०२२ साली दुसऱ्या अभ्यासात आढळले की, डॉक्टरला ओळखता येत नाही, पण संगणक नुसत्या एक्स-रेवरून माणसाचा वंश ओळखतो. उद्या आपल्याकडे असे यंत्र येईल. त्याला शिकवायला कोणत्या फाइली देणार? ज्यांत साध्या गाठीपुढे "गर्भाशय काढावे" असे लिहिले आहे त्या? मग तो खोटेपणा शास्त्र बनून परत येईल, आणि यंत्राला तर जाबही विचारता येणार नाही.

तेव्हा करायचे काय? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि तिच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकावरही त्याची जबाबदारी येते, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्या वर्षी तो कायदा झाला. जवळजवळ शंभर वर्षे होत आली. आज उसाच्या फडातल्या बाईला विश्रांती नको म्हणून तिचे गर्भाशयच काढले जाते. बाबासाहेबांच्या मागणीची याहून क्रूर थट्टा कोणती? संविधानाचे सत्तेचाळिसावे कलम सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे आद्य कर्तव्य मानते. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणा, असे राज्यांना बजावले. आदेश झाला. पण आदेशाची नक्कल फडापर्यंत कोण नेणार?

ती नेण्याचे काम आमच्या कार्यकर्त्यांचे आहे. जयंतीची वर्गणी गोळा करणाऱ्या प्रत्येक मंडळाने गावातल्या दोन शिकलेल्या मुलामुलींना एवढे काम द्यावे. गर्भाशय काढायला सांगितले की चार प्रश्न विचारायचे : रिपोर्टात नेमके काय लिहिले आहे ते मराठीत सांगा, औषधाने बरे होणार नाही काय, स्रावाची किंवा तुकड्याची तपासणी केली काय, अंडाशये कशासाठी काढता? मग सरकारी रुग्णालयातल्या दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायचे. केसपेपर आणि रिपोर्ट मागितल्यावर ७२ तासांत द्यावेत, असा २००२ सालचा वैद्यकीय परिषदेचा नियम आहे. २०२१ पासून राज्याच्या शुश्रूषागृह नियमांत रुग्ण हक्कांची सनद आहे आणि ती दवाखान्यात लावणे बंधनकारक आहे. भिंतीवर ती दिसली नाही तर तिथेच विचारायचे. आणि कारखान्यांकडे मागणी करायची : गाळप सुरू होण्याआधी फडावर पाणी, संडास आणि पाळीच्या दिवसांची बिनखाड्याची सुटी.

त्या भगिनीने जाताना आपली पिशवी पुन्हा घडी करून पदराआड धरली. आम्ही म्हटले, "बाई, आता या फिल्म कशाला जपता?" ती म्हणाली, "भाऊ, माझी पोरगी औंदा पंधरा वर्षांची झाली. उद्या तिला कुणी असं सांगितलं तर तिला दावायला ठेवल्यात." शिक्षण म्हणजे काय हे त्या निरक्षर बाईला कळले आहे. प्रश्न आमचा आहे. तो कागद त्या पोरीला वाचून दाखवायला आम्ही वेळेवर पोचणार आहोत काय?